सरासरीच्या आत डोकावणारा माणूस : डॉ. पां. वा. सुखात्मे

सुखात्मे म्हटलं की मेकॅनिकलच्या पोरांना हीट ट्रान्सफरचं पुस्तक आठवतं आणि पाठोपाठ परीक्षाही. घाबरू नका, हा लेख त्या सुखात्म्यांवर नाही. हा आहे पां. वा. सुखात्म्यांवर, म्हणजे पांडुरंग वासुदेव सुखात्म्यांवर. आपल्याच सातारा जिल्ह्यातला, खटाव तालुक्यातल्या बुध गावचा माणूस. म्हसवडहून साताऱ्याच्या रस्त्याला लागायचं, गोंदवलं आणि दहिवडी मागे टाकत पुसेगाव गाठायचं, तिथून फलटणच्या बाजूला वळलं की बुध. आमच्या म्हसवडकडच्या मुलांनी सेवागिरींच्या यात्रेला जाताना या रस्त्यावर कितीदा तरी एसटीत डुलक्या काढल्या असतील. पण शेजारच्या या गावात जगातली भूक मोजणारा माणूस जन्मला, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

संख्याशास्त्रज्ञाचं चरित्र इंजिनिअरिंगच्या मासिकात कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं कारण रस्ता. साताऱ्याहून पंढरपूरला जाणारी गाडी म्हसवडवरून जाते, वारकरी जातात, उसाच्या ट्रॉल्या जातात, सिद्धनाथाच्या रथाच्या वेळी तर रस्ता दिसतच नाही. अशा कुठल्याही रस्त्यावर एखादं वळण बदनाम होतं. मग तिथं पांढरे पट्टे, रिफ्लेक्टर, रंबलर आणि अपघातप्रवण क्षेत्राचा पिवळा बोर्ड येतो. पुढच्या वर्षी अपघात कमी झाले की उपाय लागू पडला असं जाहीर होतं आणि फाईल बंद. पण तो खरंच लागू पडला का? सिव्हिलवाल्यांना वळणाची त्रिज्या आणि सुपरएलिव्हेशन काढता येतं, या प्रश्नाला मात्र आपण हात लावत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली पंधरा हजारांहून जास्त एकट्या महाराष्ट्रात. एवढी माणसं जात असताना कुठला उपाय चालतो आणि कुठला नुसता रंगकामाचा खर्च ठरतो, हे कळायला नको का?

सुखात्म्यांचं काम शेतांवर आणि भुकेवर झालं. रस्त्याशी त्यांची जोड मी घालतोय, हे आधीच सांगतो. पण त्यांचं आयुष्य वाचताना पानोपानी ते वळणच डोळ्यांसमोर येत होतं.

त्यांचा जन्म २७ जुलै १९११ चा. माण-खटाव म्हणजे पर्जन्यछायेतला मुलूख, पावसाने दगा दिला की आणेवारीची चर्चा. आणेवारी तर आपल्याकडे लहान पोरांनाही कळते. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आणि त्यातलं यंदा किती आलं हे अधिकारी शेतावर नजर टाकून ठरवणार. पुढे तिला पैसेवारी म्हणू लागले, आणि ती पन्नास पैशांच्या खाली गेली की दुष्काळाच्या सवलती मिळायच्या. म्हणजे नजरेने लावलेल्या एका आकड्यावर अख्ख्या तालुक्याचा सारा आणि चारा ठरायचा. अशा गावातला मुलगा पुढे आयुष्यभर नजरअंदाजाशी भांडत राहिला, यात मला तरी योगायोग वाटत नाही.

शिक्षण पुण्यात. १९३२ साली फर्ग्युसनमधून गणित घेऊन पदवी, आणि १९३३ मध्ये थेट लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज. त्या वेळी ते कॉलेज म्हणजे संख्याशास्त्राची पंढरीच होती, फक्त विठोबा एकापेक्षा जास्त! एका मजल्यावर रोनाल्ड फिशर, दुसऱ्यावर इगॉन पिअर्सन, आणि १९३४ मध्ये पोलंडहून येऊन दाखल झालेले येर्झी नेमन. या मंडळींचं आपसात इतकं बिनसलं होतं की दोन्ही गटांचा चहासुद्धा वेगवेगळ्या वेळी व्हायचा म्हणतात. (आपल्याकडच्या डिपार्टमेंटांची आठवण झाली तर तो दोष लेखकाचा नाही.) सुखात्मे दोन्हीकडून शिकले. हे कसं जमवलं त्यांनाच माहीत.

नेमन यांनी १९३४ मध्ये दाखवलं होतं की लोकसंख्येचे थर पाडून नमुना घ्यायचा असेल, तर ज्या थरात चढउतार जास्त तिथून जास्त नमुने घ्यावेत. कल्पना सुरेख, पण मेख अशी की चढउतार किती हे मोजण्याआधी कळणार कसं? विशीतल्या सुखात्म्यांनी १९३५ च्या निबंधात नेमकी हीच अडचण घेतली. आधी छोटा नमुना घेऊन चढउताराचा अंदाज काढायचा, त्यावर पुढची आखणी करायची, मग हा कच्चा अंदाज वापरूनही फायदा उरतो का हे त्यांनी तपासलं. १९३६ मध्ये पीएच.डी., १९३९ मध्ये डी.एस्सी. मधल्या काळात त्यांनी आणखी एक किचकट काम केलं. दोन गटांच्या सरासऱ्यांत दिसणारा फरक खरा की योगायोगाचा, आणि दोन्ही गटांतला चढउतार सारखा नसेल तर काय करायचं, यासाठी बेरेन्स आणि फिशर यांची एक कसोटी होती. तिची कोष्टकं सुखात्म्यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केली. कॉम्प्युटर नव्हते, आकडेमोड हातांनी. आज आपण एक्सेलमध्ये एक बटण दाबतो आणि तरी जर्नल वेळेवर देत नाही, असो. आधीचे अपघात आणि नंतरचे अपघात, त्यांच्यातला फरक खरा की भासमान, हा प्रश्न याच घराण्यातला आहे हे लक्षात ठेवा.

परत आल्यावर नोकरीसाठी ते पंडित मदनमोहन मालवीयांना भेटले, तेव्हाची एक गोष्ट सांगितली जाते. मालवीयजींनी विचारलं की या देशातल्या उपाशी माणसाला तुमच्या या शास्त्राचा उपयोग काय. लंडनची डॉक्टरेट घेऊन आलेल्या तरुणाला व्हायवात यापेक्षा अवघड प्रश्न कुणी विचारला नसेल. तो प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला.

वर्षभर कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्थेत प्राध्यापकी करून १९४० मध्ये ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत गेले. महायुद्ध सुरू होतं आणि १९४३ मध्ये बंगालचा दुष्काळ पडला. देशात धान्य किती पिकतं हे सरकारला नीट माहीत नव्हतं. हिशोबाची रीत अशी होती की पेरलेलं क्षेत्र गुणिले नेहमीचं उत्पन्न गुणिले आणेवारी. पहिला आकडा बरा, दुसरा जुना, तिसरा नजरेचा! सुखात्म्यांनी याऐवजी पीक कापणीचा प्रयोग उभा केला. गाव चिठ्ठी टाकून निवडायचं, शेतही चिठ्ठीने, शेतातला तुकडासुद्धा चिठ्ठीने. मग तेवढा तुकडा कापायचा, मळायचा, तोलायचा. दिसायला चांगलं किंवा सोयीचं, रस्त्याकडेचं शेत घ्यायचं नाही. आजही पीकविम्याच्या वेळी गावात पीक कापणी प्रयोग होतात, तेव्हा त्यामागे हीच शिस्त असते.

रस्त्यावर मात्र आपण अजून आणेवारीतच आहोत. अपघाताच्या कारणापुढे बहुतेक वेळा चालकाची चूक किंवा भरधाव वेग लिहिलेला असतो. पंचनामा करणाऱ्याने वेग मोजलेला नसतो, त्याच्याकडे तसं यंत्रही नसतं. शिवाय मोजणीत काय येतं? मोटारसायकल घसरून पाय मोडलेला माणूस जीपमध्ये घालून सरळ दवाखान्यात जातो, पोलिसांत नोंद होतेच असं नाही. उद्या त्या वळणाजवळ चौकी उघडली तर नोंदी वाढतील, म्हणजे रस्ता बिघडला का? उपायाच्या आधी आणि नंतर मोजायची फूटपट्टीच बदलली असेल तर वजाबाकीला काही अर्थ नाही.

आता सुखात्म्यांच्या आयुष्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. ती एका वादाची आहे, आणि समोर होते साक्षात प्रशांतचंद्र महालनोबिस. कलकत्त्याची महालनोबिसांची मंडळी पीक मोजायला लहान गोल तुकडे कापत. काम झटपट, खर्च कमी, तेवढ्याच पैशात तुकडे जास्त. सुखात्म्यांचा आग्रह मोठ्या आयताचा, ३३ फूट बाय साडेसोळा फूट, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग. त्यांनी एकाच प्रकारच्या शेतांवर लहानमोठे तुकडे कापून पाहिले आणि १९४६ मध्ये नेचरमध्ये लिहिलं की फार लहान तुकडे उत्पन्न वाढवून दाखवतात. का? कापणारा माणूस कडेवर बसतो, एखादं रोप नेमकं रेषेवर येतं, आत धरायचं की बाहेर? भरदार लोंबी असेल तर हात आपसूक आत ओढतो. लबाडी नव्हे, माणसाचा हात. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाला दर चौरस फुटामागे एक फूट कड असते. सुखात्म्यांच्या आयताला जेमतेम ०.१८ फूट. (करून बघा, पाचवीचं गणित आहे.) जेवढी कड जास्त, तेवढी चूक जास्त, आणि ती सगळी एकाच दिशेला. असे दहा हजार तुकडे घेतले तरी ही चूक जात नाही. उलट आपली खात्री वाढते, चुकीच्या आकड्याविषयी.

हे वाचून मी थबकलो. केंद्रीय मंत्रालयाने २०१५ मध्ये राष्ट्रीय महामार्गांसाठी ब्लॅक स्पॉटची व्याख्या ठरवली. साधारण ५०० मीटरचा तुकडा, ज्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं दगावली. आता नकाशावर अपघातांचे ठिपके टाका आणि हे ५०० मीटर कुठून सुरू करायचे ते ठरवा. पाचवा ठिपका जरा बाहेर राहिला तर आपण पट्टी पन्नास मीटर सरकवतो आणि तो आत घेतो. लोंबी आत ओढणारा तोच हात! असा तुकडा मुळातच जास्तीत जास्त ठिपके मिळतील असा निवडलेला असतो. पुढच्या तीन वर्षांत ठिपके थोडे इकडेतिकडे पडले तरी त्याच पट्टीत ते कमी भरणार. रंगाचा डबा न उघडताही सुधारणा दिसणार.

१९४७ मध्ये भारतीय कृषी सांख्यिकी संस्था स्थापन झाली, डॉ. राजेंद्रप्रसाद तिचे अध्यक्ष आणि सुखात्मे तिच्या उभारणीतले मुख्य. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले, रोममध्ये जवळजवळ वीस वर्षं सांख्यिकी विभाग सांभाळला. १९५४ मध्ये नमुना पाहणीवरचं त्यांचं पुस्तक आलं, ते जगभर अभ्यासक्रमात गेलं. रोमचा काळ तपशीलवार लिहावा असा आहे, पण संपादकांनी पानं मोजून दिलीत.

रोमला मालवीयजींचा प्रश्न नव्या रूपात समोर आला. जगात उपाशी माणसं किती? त्या संघटनेचे पहिले प्रमुख बॉईड ऑर यांनी जगातली दोनतृतीयांश माणसं कुपोषित असल्याचं सांगितलं होतं, आणि तो आकडा भाषणांतून गाजत होता. सुखात्म्यांनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे निबंध वाचला. त्यांचं उत्तर होतं की पोटभर अन्नच मिळत नाही अशी माणसं दहा ते पंधरा टक्के. सकस अन्नाअभावी होणारं कुपोषण धरलं तर संख्या बरीच मोठी, अगदी निम्म्यापर्यंत जाऊ शकेल अशी, पण त्या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात. १९६३ मध्ये सोसायटीने त्यांना गाय रौप्यपदक दिलं.

हा फरक आला कुठून? सरासरी गरजेची एक रेघ मारायची आणि तिच्या खाली जेवणाऱ्या प्रत्येकाला उपाशी म्हणायचं, ही रीत त्यांना मान्य नव्हती. गरज माणसागणिक वेगळी. पुढे निवृत्त होऊन पुण्यात स्थायिक झाल्यावर त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. एकाच निरोगी माणसाचं खाणंसुद्धा आठवड्याआठवड्याला वरखाली होतं. मेसमध्ये सणाच्या फीस्टला आपण किती जेवतो आणि सबमिशनच्या आठवड्यात किती, हे आठवा. सबमिशनच्या आठवड्यात मोजणी केली तर अख्खं हॉस्टेल दारिद्र्यरेषेखाली! एका वेळच्या मोजणीत रेघेखाली दिसलेला माणूस कायमचा खाली नसतो.

वळणाचंही अगदी असंच आहे. समजा शंभर वळणं आहेत, सगळी एकसारखी, प्रत्येकावर वर्षाला सरासरी ३ अपघात. पॉइसनच्या सूत्रात घाला. शंभरातल्या आठ-एक वळणांवर यंदा ६ किंवा जास्त अपघात होतील, काही कारण नसताना. आपण ही आठ वळणं निवडतो, बातमी येते, निधी येतो, बोर्ड लागतो. पुढच्या वर्षी त्यांची सरासरी पुन्हा ३. अपघात निम्म्याहून खाली! बोर्डाऐवजी तिथं लिंबू-मिरची बांधली असती तरी हाच निकाल लागला असता. खराब वर्ष बघून वळण निवडायचं आणि त्याच वर्षाशी तुलना करायची, या दोन गोष्टी एकत्र आल्या की कुठलाही उपाय यशस्वी ठरतो.

इथवर सुखात्म्यांचं बोट धरून आलं की एक धोका दिसतो, आणि तो पुण्यातल्या लोकांनी त्यांना तोंडावर सांगितला होता. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचं आपलं गाजलेलं काम मांडलं होतं, २२५० कॅलरींची रेघ धरून. सुखात्मे म्हणाले की रेघ सरासरीवर न ठेवता माणसातला चढउतार वजा करून बरीच खाली ठेवायला हवी. मग उपाशी लोकांची संख्या एकदम घटते. दांडेकरांनी याला कडाडून विरोध केला आणि हा वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. विरोधकांचं म्हणणं समजायला सोपं आहे. जन्मभर कमी खाणाऱ्या मजुराचं शरीर कमी खाण्याला जुळवून घेतं हे खरं, पण ते उंचीची, ताकदीची, मुलांच्या आरोग्याची किंमत देऊन. तो नैसर्गिक चढउतार नव्हे. आणि माणसातल्या चढउताराचे जे पुरावे सुखात्मे देत, ते थोड्या माणसांवरचे होते.

मला या वादात दांडेकरांची बाजू जास्त पटते. चढउतार आहे, हे सुखात्म्यांनी दाखवलं ते बरोबरच. पण सगळंच चढउताराच्या खात्यावर टाकलं की खरी भूकही पुसली जाते. रस्त्यावर याचं भाषांतर सरळ आहे. एखाद्या वळणावर दोन वर्षांत पाच माणसं गेली आणि गाव रास्ता रोको करायला उतरलं, तर त्यांना पॉइसन समजावून सांगत तीन वर्षं थांबा म्हणणं हा निर्लज्जपणा होईल. कठडा तुटलेला असेल, कॅम्बर उलटा असेल, रात्री वळण दिसतच नसेल, तर ते आजच नीट करायचं. त्यासाठी आकडेवारीची परवानगी लागत नाही.

पण मग मोजायचं कधी आणि कसं? इथं तरुणपणीचे सुखात्मे पुन्हा कामाला येतात, चिठ्ठी टाकून गावं निवडणारे. एका वळणावर ३ चे २ झाले याला काडीचा अर्थ नाही. पण एकसारखी पन्नास वळणं घेतली, वर्षाला एकूण १५० अपघात, आणि उपायाने खरोखर तीस टक्के फरक पडत असेल, तर पुढच्या वर्षी १०५ च्या आसपास होतील. ४५ ची घट निव्वळ योगायोगाने येणं अवघड असतं, ती आकड्यांत स्पष्ट दिसते. निधी कुठेच एका दमात सगळ्या वळणांना पुरत नाही. ज्यांची तातडी सारखीच आहे त्यांच्यात यंदाची पंचवीस आणि पुढच्या वर्षीची पंचवीस चिठ्ठीने ठरवली, तर थांबलेली पंचवीस आपोआप तुलनेला मिळतात. डिझेल महागलं, पाऊस लांबला, ऊस कमी आला म्हणून अपघात घटले असतील तर ते दोन्हीकडे घटतील. कुणावर अन्याय नाही, कारण सगळ्यांना एकदम देणं शक्यच नव्हतं. आणि कामाची तारीख लिहून ठेवायची. हे वाचून हसू नका, पट्टे नेमके कधी मारले हे कुठेच लिहिलेलं नसेल तर आधी आणि नंतर हे शब्दच निकालात निघतात.

पुण्यातली शेवटची पंचवीस वर्षं सुखात्मे महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत आहार आणि जीवसांख्यिकीवर काम करत राहिले. भारत सरकारने पद्मभूषण दिलं. त्यांच्या नावाने केंद्र सरकारचा ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांसाठीचा राष्ट्रीय पुरस्कारही आहे. गंमत म्हणजे भारतात संख्याशास्त्र दिन २९ जूनला असतो, महालनोबिसांच्या जयंतीला. तुकड्यांचा वाद घालणारी ही दोन नावं आता सरकारी पत्रकांत शेजारी शेजारी छापली जातात.

२८ जानेवारी १९९७ रोजी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी टोरांटोच्या एझ्रा हाउअर यांचं रस्ता सुरक्षेतल्या आधी-नंतर तुलनांवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं, या विषयातलं ते आजही मुख्य पुस्तक मानलं जातं. त्यातली रीत अशी की वळणाचा स्वतःचा आकडा एकटा घ्यायचा नाही. त्याच्यासारख्या इतर वळणांच्या सरासरीशी तो वजन देऊन मिसळायचा. वळणावर ६ अपघात झाले आणि त्याच्या भावंडांची सरासरी ३ असेल, तर त्याचा खरा आकडा दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, समजा ४ धरायचा. मग बोर्ड लागल्यावर पुढच्या वर्षी ४ अपघात झाले, तर हिशोबात घट शून्य.